भयाचे पहिले पाऊल

गेल्या आषाढातली गोष्ट. बाळकुमास आमचे बिऱ्हाड ज्या इमारतीत आहे तिच्या मागल्या अंगास खाडीचा वारा मोकळा लागतो, आणि पाऊस मातला म्हणजे तावदानांचा खडखडाट रात्रभर चालू राहतो. तशा एका रात्री, सुटीकरिता आलेल्या आमच्या भाचीने भुताखेतांचा एक नवा चित्रपट लावला. पहिल्या पाच मिनिटांत तीन वेळा कर्कश आवाज झाला, तीन वेळा एक विद्रूप तोंड पडद्यावर एकाएकी पुढे आले, आणि तिन्ही वेळा आम्ही खुर्चीतल्या खुर्चीत उडालो. चौथ्या वेळी मात्र उडालो नाही, जांभई आली. तेव्हा आम्ही सुचविले, की आता आमच्या आवडीचा एक जुना बोलपट पाहू. १९४९ सालचा ‘महल’.

“मामा, इतक्या जुन्या सिनेमात भ्यायचं ते काय असणार?” असे म्हणून ती हसली. पण मोठेपणाचा मान राखून बसली. पुढे त्या ओसाड वाड्यात गाण्याचा आवाज सुरू झाला तेव्हा तिने हातातला मोबाईल खाली ठेवला. आणि थोड्या वेळाने काही एक न बोलता उठून स्वयंपाकघरातला दिवा लावून आली. पडद्यावर तोपर्यंत कोणी कोणाला मारले नव्हते, कोणी किंचाळले नव्हते, भूत म्हणावे असे काही धड दिसलेही नव्हते. मग तो दिवा का लागला? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आज आमचा विचार आहे.

प्रथम एक कबुली देणे प्राप्त आहे. गेली पंचवीसएक वर्षे आम्ही महाविद्यालयात साहित्य शिकवीत आलो. रसांचा विषय निघाला म्हणजे शृंगारास आठवडा, करुणास आठवडा, आणि भयानकास चार वाक्ये, असा आमचा हिशेब असे. भय ही लहान मुलांची आणि अशिक्षितांची भावना, सुबुद्ध वाचकाने तिच्यात रमू नये, असा इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेला एक समज आमच्याही डोक्यात घर करून होता. वास्तविक आपल्या शास्त्रकारांचा असा समज मुळीच नव्हता. भरतमुनींनी नाट्यातल्या आठ रसांत भयानकाला मानाने बसविले, त्याचा वर्ण काळा सांगितला आणि त्याची देवता काल ठरविली. भय कशाने उपजते ह्याची त्यांनी जी यादी दिली आहे ती आज वाचताना मौज वाटते. तीत विकृत आवाज आहे, पिशाचादिकांचे दर्शन आहे, अरण्य आहे, आणि शून्यगृहात, म्हणजे ओस पडलेल्या घरात, शिरणे आहे. चित्रपटाची कल्पनाही जेव्हा कोणाला शिवली नव्हती तेव्हा ह्या मुनींनी ‘महल’च्या पहिल्या प्रवेशाचे साहित्य लिहून ठेवले होते असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाही.

आणखी एक दाखला आपल्या नेहमीच्या परिचयातला आहे. ‘शाकुन्तला’चा पहिला अंक उघडतो तो एका भ्यालेल्या हरणावर. मागे राजाचा रथ, पुढे मृग. तो धावता धावता मान वळवून मागे पाहतो, आणि अर्धवट चावलेले गवत त्याच्या उघड्या तोंडातून वाटेवर सांडते. रस म्हणजे काय हे समजाविताना अभिनवगुप्ताने हेच हरिण उदाहरणादाखल घेतले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या मते प्रेक्षकाला त्या क्षणी ‘मी भ्यालो’ असे वाटत नाही, की ‘तो भ्याला’ असेही वाटत नाही. कोणा एकाचे न राहिलेले, स्थळकाळाच्या बंधनातून सुटलेले असे निव्वळ भय त्याच्या अंतःकरणात उतरते. आम्ही ह्यात आमच्यापुरती एक भर घालतो. ते हरिण जीव घेऊन पळत असता मागे वळून का पाहते? ज्याच्यापासून पळावयाचे ते पाहण्याचीही त्याला ओढ आहे. भय आणि ओढ ही जोडी जेथे एकत्र येते तेथेच भयानकाला रस म्हणून रूप येते. नुसत्या भयाने फार तर पळापळ होते. चांगल्या भयपटाचा पहिला प्रवेश ही जोडी जुळविण्यासाठीच योजिलेला असतो, हे आमचे आजचे प्रतिपाद्य.

आता ‘महल’कडे वळू. बाळकुमाहून घोडबंदरच्या रस्त्याने निघून मुंबईच्या पश्चिम उपनगरांत उतरले, की मालाड काही फार लांब नाही. तेथे हिमांशु राय आणि देविकाराणी ह्यांनी १९३४ साली ‘बॉम्बे टॉकीज’ उभी केली. राय ह्यांनी जर्मनीहून काही कसबी माणसे आणली, त्यांत म्युनिचचे छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग हे एक. ते प्रथम १९२५ साली ‘प्रेम संन्यास’ ह्या मूकपटाच्या निमित्ताने हिंदुस्थानात आले होते. दुसरे महायुद्ध सुरू होताच जर्मन म्हणून ब्रिटिश सरकारने त्यांना छावणीत ठेवले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा कामाला लागले, आणि १९६७ साली त्यांना मरण आले तेही ह्याच देशात. त्यांच्या तरुणपणी जर्मन चित्रपटात छायाप्रकाशाची एक नवी भाषा घडत होती. रोबर्ट वीने ह्यांचा ‘कॅलिगारी’ १९२० चा, मुर्नाऊ ह्यांचा ‘नोस्फेरातु’ १९२२ चा. जिन्यावरून पिशाच न चढता त्याची सावलीच चढते, हे त्या भाषेतले एक प्रसिद्ध वाक्य. विर्शिंग ती भाषा घेऊन मालाडला आले आणि आपल्याकडचे वाडे, झुंबरे आणि पावसाळी रात्री त्यांनी तिच्यात बसविल्या.

‘महल’चे दिग्दर्शक कमाल अमरोही, त्यांचे हे पहिलेच दिग्दर्शन. संकलन बिमल रॉय ह्यांचे, संगीत खेमचंद प्रकाश ह्यांचे. नायक अशोककुमार आणि नायिका मधुबाला, जिचे वय त्या वेळी अवघे सोळा वर्षांचे होते. ह्या मंडळींनी पहिल्या प्रवेशात काय केले ते क्रमाने पाहिले पाहिजे, कारण सारी किमया त्या क्रमातच आहे.

अलाहाबादेस यमुनेच्या काठी एक ओसाड वाडा आहे. त्याचा नवा मालक शंकर रात्री तेथे येतो. म्हातारा माळी त्याला वाड्याची कथा सांगतो. एका पुरुषाने हा वाडा बांधला. कामिनी नावाची स्त्री येथे राहत असे आणि दिवसभर त्याची वाट पाहत असे. तो मध्यरात्री येई आणि उजाडण्यापूर्वी निघून जाई. एके रात्री तुफानात त्याची नाव बुडाली. मी परत येईन, असे तो बुडता बुडता सांगून गेला. तो आला नाही, आणि थोड्याच दिवसांत तीही गेली. म्हणजे पाहा, पडद्यावर काही घडण्याच्या आधीच प्रेक्षकाच्या हाती एक ठेव दिली गेली. ह्यापुढे दार वाजले तर ते नुसते दार राहणार नाही. भिंत, जिना, नदीकडची खिडकी, प्रत्येक वस्तूवर आता त्या कथेची छाया आहे. घटनेच्या आधी ज्ञान, ही पहिली युक्ति.

कथा कशी आहे हेही पाहण्यासारखे आहे. तीत खून नाही, सूड नाही. तीत वाट पाहणे आहे, आणि येईन म्हणून दिलेले एक वचन आहे. ते वचन पुरे व्हावे असे ऐकणाऱ्याला नकळत वाटू लागते. परंतु ते पुरे होणे म्हणजे मेलेल्या माणसाने परत येणे! जे व्हावेसे वाटते तेच होऊ नये असेही वाटते. आणि आम्ही म्हणतो ती भयाची व ओढीची गाठ येथे बसते.

दुसरी युक्ति प्रकाशाची. विर्शिंग वाड्याचे दालन एकदम सगळे उजळून दाखवीत नाहीत. जेथे माणूस आहे तेथे थोडा उजेड, आणि त्याच्या भोवती काळोखाचे मोठे मोठे तुकडे. आपली दृष्टी उजेडातल्या माणसावर असावी, पण लक्ष मात्र काळोखाकडे लागावे, अशी ही मांडणी आहे. पडद्यावरचा अंधार हा रिकामा नसतो. प्रेक्षक आपल्या पदरचे काही घालून तो भरीत असतो, आणि ज्याच्या त्याच्या पदरचे भय ज्याला त्याला पुरेपूर ओळखीचे असते.

मग भिंतीवरची एक तसबीर खाली पडते. शंकर ती पाहतो, तो तीत त्याचाच चेहरा! वाडा बांधणाऱ्या त्या मृत पुरुषाची ती तसबीर. आतापर्यंतचे भय वाड्यात होते. ह्या एका क्षणात ते पाहुण्याच्या अंगात शिरले. दुसऱ्याची गोष्ट म्हणून जी ऐकली ती आपलीच असावी, ही शंका माणसाला भुतापेक्षा अधिक हलविते. आणि हे सर्व साधले कशाने, तर एका चौकटीच्या पडण्याने. आवाज झाला तो तेवढाच.

त्यानंतर घड्याळात दोनाचे ठोके पडतात आणि स्त्रीचे गाणे ऐकू येऊ लागते. आरंभीच्या ओळी ठेक्याशिवाय, संथ, दुरून आल्यासारख्या. शंकर आवाजाच्या मागे निघतो. येथे कोणीही घाई करीत नाही, दिग्दर्शक नाही, संकलक नाही, गाणारीही नाही. गाणारी दिसते तीही झुल्यावर बसलेली. जवळ जावे तो पळून जाते. सामान्य चित्रपटात गाणे लागले म्हणजे कथा थांबते. येथे गाणे हेच कथेचे पाऊल झाले आहे. मूकपटाच्या काळात हे होणे शक्य नव्हते. आपल्याकडे १९३१ साली ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली, आणि पुढे अठरा वर्षांनी ‘महल’ने दाखवून दिले, की वाचेचा मोठा उपयोग न दिसणाऱ्याला बोलते करण्यात आहे. डोळ्यांना पापण्या असतात, कानांना नसतात. भरतमुनींनी आपल्या यादीत विकृत आवाज अगदी आरंभी घातला, तो आम्हांला आता अर्थपूर्ण वाटतो. फरक इतकाच, की अमरोही आणि खेमचंद प्रकाश ह्यांनी आवाज विकृत न ठेवता अतिशय गोड ठेवला. कर्कश आवाजापासून मनुष्य दूर सरतो; गोड आवाजाकडे तो स्वतःच्या पायांनी चालत जातो.

गाणे संपल्यावर आमच्या भाचीने विचारले, “मामा, तो आवाज जवळ येत होता, की आपण त्याच्या जवळ जात होतो?”

प्रश्न लाखमोलाचा होता, आणि त्याचे उत्तर ध्वनिमुद्रणाच्या हकीकतीत आहे. ही हकीकत खुद्द लताबाई मंगेशकरांनी पुढे सांगितलेली आहे. मास्टर दीनानाथांची ही थोरली कन्या तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होती. १९४२ साली वडील गेल्यापासून घराचा भार तिच्यावर होता. आवाज दुरून येत येत जवळ यावा, असा परिणाम हवा होता, आणि आजच्यासारखी तो यंत्राने साधण्याची सोय त्या वेळी नव्हती. तेव्हा ध्वनिग्राहक खोलीच्या मध्यभागी ठेवला गेला. लताबाई दूर कोपऱ्यात उभ्या राहिल्या, आणि आरंभीच्या ओळी गात गात एकेक पाऊल टाकीत पुढे आल्या. मुख्य ओळ सुरू व्हावयाची ती त्या ध्वनिग्राहकापाशी पोचल्यावर. आजही ‘आयेगा आनेवाला’ ऐकताना जो आवाज आपल्या दिशेने सरकतो तो खरोखरच सरकलेला आहे. पडद्यावर शंकर चालत होता, आणि मालाडच्या त्या खोलीत एक मराठी मुलगी चालत होती. दोघांची पावले एकमेकांकडे पडत होती. भाचीला आम्ही सांगितले, “दोन्ही, बाळ, म्हणून तर तू दिवा लावलास.”

ह्या गाण्याच्या पहिल्या तबकड्यांवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. पात्राचे नाव तेच गाणारीचे, असा त्या वेळी प्रघात होता. ज्या आवाजाने सारा देश भारून गेला त्याची मालकीण लोकांना काही काळ ठाऊकच नव्हती. न दिसणाऱ्या गायिकेची ही कथा अशी पडद्याबाहेरही थोडी घडली. खेमचंद प्रकाश हे १९५० साली वारले. आपल्या ह्या कामाची पुढची कीर्ति पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

चित्रपटाच्या अखेरीस कामिनी ही भूत नसून माळ्याची मुलगी आहे, असे उघड होते. काहींना हा विरस वाटतो. कथेचा उत्तरार्ध रेंगाळतो हे आम्हांलाही मान्य आहे. पण पहिल्या प्रवेशाचे भय त्यामुळे खोटे ठरत नाही. भूत बनावट होते. वाट पाहणे बनावट नव्हते.

आता दचक्याविषयी दोन शब्द. दचका सर्वस्वी त्याज्य आहे असे आमचे म्हणणे नाही. १९४२ साली अमेरिकेत व्हॅल ल्यूटन ह्यांनी निर्माण केलेल्या आणि जॅक टूर्नर ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘कॅट पीपल’मध्ये एक स्त्री रात्री एकटी रस्त्याने जात असते, मागे पावले वाजत असतात, मग ती पावले वाजेनाशी होतात, आणि ह्या शांततेचा भार असह्य झाला असता एकदम फुस्कारा ऐकू येतो. तो असतो एका बसगाडीच्या ब्रेकचा! प्रेक्षक उडतो, पण त्या उडण्यामागे दीर्घ तयारी आहे. तयारीवाचूनचा दचका म्हणजे कानाशी फोडलेली कागदाची पिशवी. तो शरीराला होतो आणि शरीराबरोबरच निवतो. भय मनात उतरते आणि चित्रपट संपल्यावर घरी येते.

आपल्याकडे पुढे रामसे बंधूंनी भयपटांचा वेगळा संसार थाटला. त्यांच्या १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये दोनशे वर्षांपूर्वीचा राक्षस आरंभालाच सगळा दाखविला जातो, त्याचे शिर धडावेगळे होते आणि तो शाप देतो. आधी कथा सांगण्याची रीत येथेही आहे, परंतु झाकून ठेवण्याची नाही. ते चित्रपट गर्दीने पाहिले गेले आणि त्यांची मौजही निराळी आहे. मात्र पहिल्याच घटकेत सर्व धन उधळल्यावर पुढे नव्या नव्या दचक्यांचे कर्ज काढीत जावे लागते, ही त्यांची अडचण.

ह्या जुन्या रीतीला पुन्हा उजाळा दिला तो एका मराठी माणसाने, आणि तोही मराठी कथेच्या आधाराने. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’चे कर्ते अनिल बर्वे ह्यांचे चिरंजीव राही बर्वे ह्यांना १९९३ साली नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राने एक गोष्ट सांगितली. ती होती नारायण धारपांची ‘आजी’. आणि धारपांनीही तिचे बीज स्टीफन किंग ह्यांच्या एका कथेतून घेतलेले. त्या एका रात्रीच्या भयातून पुढे ‘तुंबाड’ हा चित्रपट उभा राहिला. नाव घेतले ते श्री. ना. पेंडसे ह्यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. पंकज कुमार ह्यांनी त्याचे छायाचित्रण केले. तो १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रकाशित झाला. त्या वेळी त्याची जेवढी चहा झाली नाही तेवढी १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा लागला तेव्हा झाली, आणि गल्लाही पहिल्यापेक्षा अधिक जमला.

‘तुंबाड’चा आरंभ ‘महल’शेजारी ठेवून पाहावा. येथेही आधी एक आवाज कथा सांगतो. बाप मुलाला सांगत आहे, की पूर्तीची एक देवी होती, तिचे पहिले लाडके अपत्य हस्तर. त्याला सोन्याचा आणि धान्याचा हव्यास सुटला. सोने त्याला मिळाले, धान्याला हात घालताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला पोटात लपविले, पण त्याची पूजा कधी होणार नाही ह्या अटीवर. मग १९१८ सालचे कोकणातले गाव येते, जेथे पाऊस थांबतच नाही. एक आई, तिची दोन मुले, आणि एका बंद दाराआड साखळदंडाने बांधलेली एक म्हातारी. दाराआड अन्न जाते आणि दाराआडून आवाज येतो; म्हातारी मात्र आपल्याला बराच वेळ दिसत नाही. हस्तरचे नाव घेतले म्हणजे ती निजते, एवढे कळते. दार कधीतरी उघडणार हे पहिल्यापासून ठाऊक असते, आणि ते कोणाला उघडावे लागणार ह्याची चिंता प्रत्येक प्रसंगागणिक वाढत जाते.

साधने तीच: आधी ज्ञान, मग काळोख, मग आवाज, आणि सर्वांत शेवटी रूप. ओढ मात्र निराळी. ‘महल’मध्ये ती प्रीतीची आहे, ‘तुंबाड’मध्ये धनाची. लहानगा विनायक त्या म्हातारीला भितो, आणि तिला ठाऊक असलेल्या धनाचा त्याला मोह पडलेला आहे. शंकर गाण्याच्या मागे चालला, विनायक सोन्याच्या मागे. दोघांनाही कोणी ढकललेले नाही. उत्तम भयपट आपल्याला पहिल्याच प्रवेशात विचारतो, की तुला काय हवे आहे. आणि आपले उत्तर आपल्याला पुरे कळण्यापूर्वी तो दाराची कडी वाजवितो.

असो. आमच्या मनात ह्या सर्व विचाराने जे परिवर्तन झाले ते सांगून हा लेख पुरा करितो. भय ही हलकी भावना आहे असे म्हणताना आम्ही हे विसरत होतो, की ज्याला कशाचीच ओढ नाही त्याला कशाचेच भय नसते. माणूस कोणत्या दाराशी थबकतो आणि तरीही कोणते दार उघडतो, ह्यावरून त्याची जेवढी पारख होते तेवढी त्याच्या हास्यावरून किंवा अश्रूंवरूनही होत नसेल. ज्या मुलांनी हल्ली दचक्यालाच भय समजण्याची सवय करून घेतली आहे त्यांना आपल्याच मनाची ही एक बाजू अनोळखी राहते. आणि तो दोष निम्मा आम्हां शिकविणाऱ्यांचा आहे.

यंदा वर्गात भयानक रसाची पाळी आली तेव्हा आम्ही त्याला चार वाक्यांऐवजी दोन तास दिले. पहिल्या तासाला हरिण वाचले. दुसऱ्या तासाला खिडक्या लावून, दिवे मालवून, पडदा न लावता नुसते ते गाणे ऐकविले. मध्येच मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने हळूच मान वळवून दाराकडे पाहिलेले आम्ही पाहिले. दार बंदच होते.